तेलंगांची शिडी आणि आपली पायरी

दोस्तांनो, एकोणिसाव्या शतकातल्या थोरांची चरित्रं वाचायला घ्या. सगळी एकाच साच्यातून काढलेल्या मूर्तींसारखी. आधी एल्फिन्स्टन कॉलेज, मग वकिली, मग कौन्सिलात नेमणूक, मग हायकोर्टाची खुर्ची. शेवटी रस्त्याला नाव, नाहीतर भिंतीवर तसबीर. आपण शाळेत हे पाठ केलं. मार्क मिळवले. हा माणूस शिडी चढत होता तेव्हा आपला पणजा कुठं होता, हे मास्तरांनी विचारलं नाही. आपणही विचारलं नाही. ते आज विचारू.

काशीनाथ त्र्यंबक तेलंग हा या साच्यातला सगळ्यात देखणा नमुना. जन्म १८५०. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८७२ साली, ॲडव्होकेट. १८८४ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात. १८८५ साली काँग्रेस काढणाऱ्यांत. १८८९ साली मुंबई हायकोर्टाचा जज्ज, तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. १८९२ साली मुंबई विद्यापीठाचा पहिला हिंदी कुलगुरू. १८९३ साली गेला, वय ४३. मधल्या काळात गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८८२ साली मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत छापून आलं. वकील, आमदार, जज्ज. तीनही खुर्च्या. त्यांच्या मागून न्यायमूर्ती रानडे त्याच हायकोर्टात बसले. रानडेही १८८५ पासून कौन्सिलात जाऊन आलेले.

मी तेलंगांना शिव्या घालायला बसलेलो नाही. माणूस विद्वान होता. हिंदू कायद्यावरचे त्यांचे निकाल वकील मंडळी पुढं कितीतरी वर्षं आदरानं काढून बघत. साहेबासमोर मान खाली न घालता बोलायचा. हे सगळं कबूल. माझा सवाल शिडीबद्दल आहे. ही शिडी जमिनीवर टेकलेली होती की पहिल्या माळ्यावर?

तेलंग सहा वर्षांचे होते त्या वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं नाव घालायचा प्रयत्न केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच. पोराला शाळेत घेतलं नाही. त्यानं सरकारकडं अर्ज केला. सरकारनं काय केलं? पोराची बाजू न्यायाची आहे असं म्हटलं आणि एकासाठी बाकीच्यांची शाळा बिघडवता येणार नाही म्हणून हात वर केले. त्या पोराचं नाव कुठल्या तसबिरीखाली नाही. त्याच्या अंगात काय होतं, वकील होता का, जज्ज होता का, कुणाला कळणार? शाळेच्या दारातच शिडी काढून घेतली. आणि मग पुढली शंभर वर्षं आम्हाला सांगितलं, तुमच्यात गुणवत्ता नाही.

१८८२ साली हंटर साहेबाचं शिक्षण कमिशन आलं. कमिशनच्या टेबलाच्या आतल्या बाजूला तेलंग, सभासद म्हणून. बाहेरच्या बाजूला जोतीराव फुले, निवेदन घेऊन. १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख आहे त्या निवेदनावर. जोतीरावांचं म्हणणं साधं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो राबणाऱ्या कुणब्याच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या जातींच्या पोरांच्या कॉलेजांवर. आधी खालच्या पोरांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या, बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी द्या. शिक्षक शेतकऱ्यांतून घ्या. म्हणजे फुले शिडी जमिनीला टेकवा म्हणत होते. टेबलाच्या आत बसलेल्यांनी फुल्यांचं ऐकलं असतं तर या महाराष्ट्राचा इतिहास दुसरा झाला असता. कायद्यानं प्राथमिक शिक्षण हा मुलाचा हक्क व्हायला २००९ साल उजाडलं. मोजा वर्षं.

पुढं १८८६ साली तेलंगांनी मुंबईत एक व्याख्यान दिलं. विषय, सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे का? त्यांचं उत्तर होतं, नाही. जिथं विरोध कमी तिथून आधी पुढं जावं. राजकारणात आपली एकी आहे, समाजसुधारणेत भांडणं आहेत, तेव्हा राजकारण आधी. वकिली डोक्यानं बघितलं तर मुद्दा बिनतोड वाटतो. पण विरोध कुणाचा? एकी कुणाची? विरोध सनातन्यांचा, एकी पांढरपेशांची. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांना या हिशेबात कुणी धरलंच नाही. सत्तेकडं जायची वाट सोपी निवडायची तर आपल्या वस्तीवरनं जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेलंगांच्या त्या व्याख्यानापासून आजच्या प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यापर्यंत हीच वाट आहे. तुमचं आधी नको, वाद होईल. तुमचं नंतर बघू.

आता जरा अमेरिकेत जाऊ. ब्लॅक पँथर वगैरे आपल्याला माहीत आहे, १९७२ साली आपल्या पोरांनी नावच तिथून घेतलं. पण त्याच्या शंभर वर्षं आधीचा एक माणूस आपल्याला माहीत नाही. जोनाथन जॅस्पर राइट. काळा माणूस, जन्म १८४०, पेनसिल्व्हेनियात वाढलेला. कायदा शिकला. वकिलीच्या परीक्षेला बसायला गेला तर काळा म्हणून बसू दिलं नाही. १८६६ साली तिथं नागरी हक्कांचा कायदा झाला आणि त्याच साली तो पेनसिल्व्हेनियातला पहिला काळा वकील झाला. मग दक्षिणेत, साउथ कॅरोलायनात गेला. कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांना कायद्याचा सल्ला द्यायचं काम केलं. १८६८ साली त्या राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत होता. त्याच साली राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. १८७० साली त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज्ज झाला. तीन जज्जांचं कोर्ट, त्यातला एक काळा. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सुप्रीम कोर्टात बसलेला पहिला काळा माणूस.

वकील, आमदार, जज्ज. त्याच तीन खुर्च्या, त्याच दशकांत. पण फरक बघा. तेलंगांना कौन्सिलात गव्हर्नरनं नेमलं. राइटला काल सुटलेल्या गुलामांनी मतं देऊन सिनेटात पाठवलं आणि त्यांच्याच विधिमंडळानं जज्ज केलं. एकाची शिडी वरून सोडलेली. दुसऱ्याची खालनं बांधलेली.

आणि जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली ती अर्पण कुणाला केली? गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. जोतीराव पुण्यात ते पुस्तक छापत होते तेव्हा राइट तिकडं जज्जाच्या खुर्चीत बसून निकाल देत होता. जोतीरावांची नजर बरोब्बर त्या दिशेला लागलेली होती. त्याच वेळी आपल्याकडचे पदवीधर मिल आणि स्पेन्सर पाठ करत होते.

पण ही गोष्ट गोड शेवटाची नाही. १८७६ च्या निवडणुकीत साउथ कॅरोलायनात गोऱ्या मालकांची टोळी बंदुका घेऊन उतरली. दोन गव्हर्नर, दोन विधिमंडळं, असा घोळ झाला. १८७७ साली केंद्रानं फौज काढून घेतली आणि जुन्या मालकांचा जनरल वेड हॅम्प्टन गव्हर्नर झाला. लगेच राइटवर दारूबाजीचे, भ्रष्टाचाराचे आरोप. महाभियोगाची तयारी. त्याच साली त्यानं राजीनामा दिला. पुढं चार्ल्सटनमध्ये वकिली केली, काळ्या पोरांना कायदा शिकवला आणि १८८५ साली क्षयानं मेला. मुंबईत काँग्रेस निघाली त्याच साली. १८८३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा उडवून टाकला. १८९५ मध्ये साउथ कॅरोलायनानं नवी घटना करून काळ्यांची मतं काढून घेतली. त्या कोर्टात दुसरा काळा जज्ज बसला तो १९८५ साली. अर्नेस्ट फिनी. मधे १०८ वर्षं.

यातनं काय शिकायचं? खुर्ची मिळाली की काम झालं, असं समजणाऱ्याची खुर्ची एका निवडणुकीत जाते. राइटच्या खुर्चीखाली काळ्यांची मतं होती. मतं गेली, खुर्ची गेली, कायदाही गेला.

हे आपल्यात सगळ्यात आधी ओळखलं ते बाबासाहेबांनी. १९३०–३१ च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या हक्कांचं निवेदन दिलं. त्यातली समान नागरिकत्वाची कलमं कुठून घेतली? अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांतून, तसा उल्लेख त्यांनीच केलाय. ज्या कायद्याच्या साली राइटला वकिलीची सनद मिळाली, तो कायदा पासष्ट वर्षांनी महाराच्या पोरानं लंडनच्या टेबलावर ठेवला. बाबासाहेब स्वतः १९२३ पासून मुंबईत वकिली करत होते. १९२७ पासून कौन्सिलात. जज्ज मात्र कधी झाले नाहीत. कोर्टात ते उभे राहिले ते न्याय मागणाऱ्या माणसाच्या बाजूनं.

आता ठाण्याला या. कोर्ट नाक्यावरनं आपण दर चौदा एप्रिलला जातो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, निळ लावतो. पण या ठाण्याच्या कोर्टाचा चवदार तळ्याशी काय संबंध, हे किती पोरांना माहीत आहे? विचारून बघा.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला, सरकारी पैशावरची पाणवठी, शाळा, धर्मशाळा सगळ्यांना मोकळ्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्यायले. मग मार खाल्ला आपल्या लोकांनी, आणि तळं गोमूत्रानं शुद्ध केलं त्यांनी. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तर महाडच्या स्पृश्यांनी दिवाणी दावा ठोकला आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळला, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. एका कायद्याला मान दिला, दुसऱ्याला काडी लावली. कुठला कायदा पाळायचा आणि कुठला जाळायचा, हे ज्याला कळतं तो वकील.

दावा चार वर्षं चालला. १९३१ साली महाडच्या कोर्टात स्पृश्य हरले. ते अपिलात गेले. अपील कुठं? ठाण्याच्या कोर्टात. १९३३ साली ठाण्यालाही हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं, आणि अस्पृश्यांना वगळायची रूढी अनादी काळापासून आहे हे फिर्यादींना शाबीत करता आलं नाही. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण निकाल नीट वाचा. कोर्टानं असं म्हटलं नाही की माणसाला पाण्यावरनं हाकलणं हा गुन्हा आहे. कोर्टानं म्हटलं, तुमची रूढी पुरेशी जुनी असल्याचा पुरावा नाही. म्हंजे पुरावा असता तर? तीन कोर्टांत मिळून हा प्रश्न उघडाच राहिला. तो बंद केला १९५० साली घटनेच्या १७ व्या कलमानं. जज्जाला जिथं हात घालता आला नाही तिथं कायदा करणाऱ्यानं घातला. आणि कायदा करणारा तिथवर पोचला तो महाडला मार खाल्लेल्या माणसांच्या खांद्यावरनं. वकील, आमदार, जज्ज या तीन खुर्च्यांच्या आधी एक चौथी गोष्ट असते. रस्त्यावर उतरलेली माणसं.

महाडच्याच तालुका लोकल बोर्डावर १८९५ साली गोपाळबाबा वलंगकरांना नेमलं होतं. लष्करातनं पेन्शनीत निघालेला महार, ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारा. तेलंग जाऊन दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या बोर्डात एक महार येऊन बसला एवढ्यानं स्पृश्य सभासदांचं पित्त खवळलं. हायकोर्टाची गोष्ट सोडाच.

कुणी म्हणेल, हा सगळा जुना पाढा. बरं, नवा घ्या. २० मार्च २०१८. तारीख ओळखलीत? चवदार तळ्याचा दिवस. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाच्या दोन जज्जांनी ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी परवानगी, अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी. २ एप्रिलला देश बंद पडला. माणसं मेली. ऑगस्टात संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपलेच ते आदेश मागं घेतले. ही हवा कुणी फिरवली? रस्त्यानं.

आणि २०२५. आपल्या अमरावतीचे भूषण गवई, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव, मे महिन्यात देशाचे सरन्यायाधीश झाले. पहिले बौद्ध सरन्यायाधीश. त्यांच्याआधी २००७ साली बालकृष्णन झाले होते. आपल्या वस्त्यांत पेढे वाटले, मीही खाल्ला. ६ ऑक्टोबरला भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं बूट फेकायचा प्रयत्न केला, सनातनचा अपमान सहन करणार नाही म्हणत. देशातली सगळ्यात उंच खुर्ची, आणि तिथंही बूट पोचतो. गवई नोव्हेंबरात निवृत्त झाले. बूट फेकणारी मानसिकता निवृत्त झालेली नाही. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकांना आजही आरक्षण नाही. तिथं माणूस वर जातो तो कॉलेजियमच्या नजरेतनं. गव्हर्नरची नजर गेली, दुसरी आली.

मी कल्याणच्या कोर्टात वकिली करतो. उल्हासनगर, अंबरनाथ, विठ्ठलवाडी, डोंबिवलीच्या चाळी, ठाण्याच्या झोपडपट्ट्या, इथली माणसं माझ्याकडं येतात. बाई शिव्या खाऊन, मार खाऊन येते, आणि एफआयआर वाचला तर त्यात जातीचा शब्दच नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलाच नाही. बाईला वाचता येत नाही, तिनं अंगठा दिला. दोन वर्षांनी तारीख लागते तोवर साक्षीदार नोकरीपायी नाहीतर भीतीपायी फुटलेला असतो. मग केस सुटते आणि बाहेर चहाच्या टपरीवर बोलतात, हे लोक खोट्या केसेस करतात. ही केस हायकोर्टात नाही मेली. ती पहिल्या रात्री मेली, पोलीस ठाण्याच्या बाकावर.

म्हणून माझं म्हणणं स्वच्छ आहे. आमच्या पोरांत दोन मतं आहेत. एक म्हणतो, कोर्टबिर्ट सगळं त्यांचं, आपण रस्त्यावरच बघून घेऊ. दुसरा म्हणतो, जज्जाची परीक्षा देतो, साहेब होतो, चळवळीत वेळ कशाला घालवू. पहिल्याला मी महाड दाखवतो. बाबासाहेबांनी दहा वर्षं दावा लढवला, सोडून दिला नाही. दुसऱ्याला मी राइट दाखवतो. एकटी खुर्ची टिकत नाही. तू जज्ज हो, जरूर हो. पण तुझ्या खुर्चीचा पाय तुझ्या वस्तीत रोवलेला पाहिजे.

आणि आजच्या आज करायचं काम? ते फार उंचावर नाही. प्रत्येक वस्तीत दोन पोरं आणि दोन पोरी अशा हव्यात की ज्यांना ॲट्रॉसिटी कायदा पाठ आहे. फिर्याद देणाऱ्याबरोबर रात्री पोलीस ठाण्यात बसायचं. फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही द्यायची नाही, अंगठा द्यायचा नाही. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, साठ दिवसांत करायचा असतो, हे तोंडावर सांगायचं. जामिनाच्या वेळी पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क कायद्याच्या १५–अ कलमानं दिलाय, तो बजावायचा. सरकारी वकिलावर भरवसा नसेल तर कलेक्टरकडं चांगला वकील मागता येतो, तो लेखी मागायचा. साक्षीदाराच्या घरी महिन्यातनं एकदा जाऊन बसायचं, तारखेच्या दिवशी त्याची रजा बुडाली तर वर्गणी काढून मजुरी द्यायची. यात हार नाही, तसबीर नाही, पेपरात फोटो नाही. पण १८५६ साली धारवाडच्या त्या पोराकडं नेमकं हेच नव्हतं. अर्ज होता, सोबत कुणी नव्हतं.

तेलंगांची शिडी त्यांच्या लोकांनी जपली, म्हणून त्यांच्यामागं रानडे आले, रानड्यांमागं आणखी आले. आपली शिडी आपणच जपायची आहे. तिची सगळ्यात खालची पायरी पोलीस ठाण्यातलं ते बाक आहे. पुढच्या वेळी वस्तीतली बाई तिथं एकटी बसलेली दिसली, तर शेजारी जाऊन बसा.

जय भीम.